मोतीने निवडलेली

"आप मत चुनो, दीदी. आपका कुत्ता चुनेगा," असं म्हणून तिथल्या कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या दयारामने मोतीच्या गळ्यातली साखळी सोडली.

तेलीबांध्याच्या पुढे, नव्या रायपूरच्या रस्त्यावर, बेवारस कुत्र्यांच्या त्या आश्रयघरात इंदूताई आल्या होत्या त्या केवळ मोतीच्या जिवासाठी. लेक मीनल लग्न होऊन नागपूरला गेली आणि मोतीने अन्न सोडलं. महिन्याभरात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, त्याला सोबत द्या, नाहीतर तो हातचा जाईल.

फाटकाशी कुत्री पकडायची गाडी उभी होती. ती पाहून इंदूताईंना बरंच वाटलं.

"या गाडीवाल्यांचे मोठे उपकार आहेत माझ्यावर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्या साली माझं हळदीकुंकू या लोकायच्यामुळेच निभावलं."

"ते कुत्रं आपल्या पायऱ्यांवर बसून बायकांवर धावून जाय, तेच न?" शेखररावांनी विचारलं.

"तेच. एका अर्जावर सकाळीच आले बिचारे."

मोती शेपूट हलवणाऱ्या तांबूस पिल्लापाशी थांबला नाही. घाऱ्या डोळ्यांच्या देखण्या कुत्र्याकडे त्याने पाहिलंही नाही. शेवटच्या जाळीमागे एक काळी, कान फाटलेली, किंचित लंगडी कुत्री बसली होती. तिथे मात्र त्याने जाळीला नाक लावलं, पोटावर पसरला आणि बारीक आवाजात कुईकुई करायला लागला.

"हिच्यात काय पाहून राहिला हा?" शेखरराव म्हणाले.

"हव साहब, यही जाएगी," दयाराम हसला. "तीन साल से किसी ने पूछा नहीं इसको."

इंदूताईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी दयारामला मोतीची गोष्ट सांगितली. ती दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होती. रथसप्तमीच्या दिवशी जिन्याखाली, लाकडांच्या मागे, मुठीएवढा मोती कुडकुडत होता. आई टाकून गेलेली. मीनलने बोळ्याने दूध पाजून जगवला. आईने टाकलेलं पोर आपण वाचवलं, हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी जरा चढायचा.

"आईचं काळीज असं कसं असन, सांगा," त्या म्हणाल्या. दयारामने कागदांचं पाकीट शेखररावांच्या हातात दिलं.

कुत्रीचं नाव ठेवलं सखी. तात्यापारा वस्तीतल्या त्यांच्या घरी तिच्यासाठी व्हरांड्यात पोतं अंथरलं होतं. त्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लंगडत सरळ जिन्याखाली गेली, कोपरान् कोपरा हुंगला आणि तिथेच बसली.

"काही शोधून राहिली वाटते," शेखरराव म्हणाले.

"नवं घर आहे. वास घेईनच न."

मोतीही तिथे गेला. एवढा मोठा कुत्रा, पण तिच्या पोटाशी तोंड खुपसून झोपला. संध्याकाळी त्याने दूधभाताची थाळी चाटूनपुसून साफ केली. इंदूताईंनी देवापुढे जास्तीचं निरांजन लावलं.

आठ दिवसांत मोती अंगाने भरला. व्हिडिओ कॉलवर त्याला पाहून मीनल रडली. इंदूताईंनी दयारामसाठी डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. सखी रोज त्यांच्या पायाशी येऊन हात चाटायची, आणि आपण हिच्यासाठी असं काय केलं, या विचाराने त्यांना भरून यायचं. हिने माझं पोर वाचवलं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

नवव्या दिवशी सखीच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख बघायला त्यांनी ते पाकीट उघडलं. तारीख पहिल्याच कागदावर होती. त्यामागे एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड होतं. पकडल्याचं ठिकाण: तात्यापारा. तारीख त्यांच्या त्या हळदीकुंकवाची, मोती सापडला त्याच रथसप्तमीची. खाली दोनच शेरे होते. थानांत दूध आहे. पिल्लू असावं, सापडलं नाही.

कार्डाला एक अर्ज टाचलेला होता. मीनलच्या वहीतला कागद, अक्षर इंदूताईंचं. शेवटच्या ओळीखाली त्यांनीच दोन रेघा मारल्या होत्या: या कुत्रीला परत आमच्या दारात आणून सोडू नये.