रिकामी ताटली

लेक रोआ शंभर दिवसांची झाली म्हणून बुसानहून सासूबाईंनी वाफवलेल्या तांदळाच्या वड्या टोपलीभर पाठवल्या. युनसोलने नुकतंच डाएट सुरू केलं होतं. एरवी रोआ रडली की ती खायची, आणि रोआ झोपली की घर खायला उठतं म्हणून खायची. तिनं सगळ्या वड्या ताटल्यांत घालून मजलाभर वाटल्या. सुटले!

कसली सुटते? शेजारची ताटली रिकामी परत द्यायची नसते. संत्री आली. रताळी आली. तळलेली कोळंबी आली. ती दरवेळी वाकून आभार मानायची, दार लावायची आणि खायची.

शेवटी समोरच्या दोकसुन आजी आल्या. ताटली कोरडी.

"रोआच्या आई, रागावू नकोस. घरात द्यायला काहीच नव्हतं बघ."

"बरंच झालं, आजी!"

"मग जरा बसू का? दिवसभर कुणाशी बोलले नाहीये गं."

दिवेलागणीपर्यंत दोघी बोलत बसल्या. रोआ आजींच्या मांडीवर झोपून गेली. उरलेली कोळंबी तशीच गार झाली.

आजी निघाल्या तेव्हा युनसोलने ती रिकामी ताटली पुन्हा त्यांच्या हातात कोंबली.

"उद्या परत आणून द्या. अशीच."