चौतीस कट

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आठ नंबरच्या खाटेवरच्या पेशंटच्या डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवण्यात आला. डोक्याला बत्तीस तारा आधीच चिकटवल्या होत्या. पेशंट हलला नाही. जिन्यात कोसळल्यापासून चौदा आठवडे तो हललाच नव्हता.

बायको त्याच्या पायाशी उभी होती. धाकटा दीर दारात.

"वहिनी, बसा जरा. सकाळपासून उभ्या आहात."

"बसले की डोळा लागतो, भावजी."

चार वाजता वॉर्डाची समिती बसणार होती. पेशंटचा मेंदू जागा असल्याचा एक जरी पुरावा मिळाला, तर तो इथेच राहणार, उपचार चालू. नाही मिळाला, तर आजच शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात. तिथे नळीने अन्न देतात आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवतात. तिथून कुणी बरं होऊन आल्याची नोंद नव्हती.

चाचणीसाठीची लॅबची फिल्म सोमवारी दाखवून झाली होती. अशा पेशंटच्याही झोपेच्या आणि जागेच्या वेळा असतात; तेव्हा तो झोपेत होता, म्हणून काही दिसलं नाही. नातेवाइकांना आपली फिल्म आणता येते, पण एकदाच. बायकोने आणली होती. रिकामा केलेला पोहण्याचा तलाव आणि तो घासणारी चार माणसं. अकरा मिनिटं, चौतीस कट.

"साध्या पडद्यावर कट झाला तरी आपण आपल्या खुर्चीतच असतो," तंत्रज्ञ दिराला सांगत होता. "यात तुम्ही तलावाच्या तळाशी उभे असता आणि पुढच्या क्षणी पंपाच्या खोलीत. मध्ये दार नाही, जिना नाही. जागा मेंदू दचकतो. कट झाला की अर्ध्या सेकंदाच्या आत मॉनिटरवरची ही रेघ उडते. झोपलेला मेंदू ढिम्म."

"मग माझ्या ऑफिसात या एकदा. अख्खा मजला ढिम्म निघेल."

तंत्रज्ञ हसला. बायको हसली नाही.

अर्ज सकाळीच भरून झाला होता. सातवा प्रश्न तंत्रज्ञाने मोठ्याने वाचला होता. पेशंटने ही फिल्म पूर्वी पाहिली आहे का? असल्यास चाचणी बाद.

"ताई, नीट आठवून सांगा."

"नाही पाहिली," ती म्हणाली आणि तिने सही केली.

फिल्म मशीनवर चढवताना तंत्रज्ञाने सुरुवातीची दोन मिनिटं पाहिली. "झकास कापलीय हो. तुम्ही?"

"घरचंच काम आहे."

दोन चौदाला फिल्म सुरू झाली. मॉनिटरवर प्रत्येक कटला एक लाल खूण उमटत होती. पहिली उमटली. दुसरी. रेघ सपाट. तिसऱ्या खुणेपाशी रेघ टोकदार होऊन वर गेली. चौथीपाशीही.

"उडाली! भावजी, बघा! उडाली ना?"

दीर आत आला. पाचवी. सहावी. सातवी. बायकोने खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. तंत्रज्ञाने मात्र खुर्ची पुढे ओढली आणि चित्र मोठं केलं.

"थांबा, ताई."

"काय झालं?"

"कटच्या आधी उडतेय."

"आधी म्हणजे?"

"ही लाल खूण म्हणजे कट. रेघ तिच्या अलीकडे उडतेय, पलीकडे काहीच नाही. आधी कळस मग पाया. असं होत नसतं."

चौतिसावा कट झाला तशी त्याने फिल्म थांबवली आणि डॉक्टरांना बोलावलं. त्या आल्या, उभ्याउभ्याच मॉनिटर पाहिला.

"घड्याळं जुळलेली आहेत का दोन्ही मशीनची?"

त्याने पुन्हा तपासली. जुळलेली होती.

"किती वेळा?"

"चौतीसपैकी एकतीस."

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. त्यांनी अर्ज मागवला आणि बायकोसमोर धरला.

"बाई, रेघ आधी उडते म्हणजे एक तर तारांचा गोंधळ, नाही तर कट कुठे येणार ते यांना ठाऊक आहे. सातव्या प्रश्नाला तुम्ही 'नाही' लिहिलंय. ते खरं आहे?"

बायकोने अर्जाकडे पाहिलं. 'बाद' हा शब्द जाड अक्षरात होता. त्याच्या खालीच तिची सही होती.

"खरं आहे."

"तुकडासुद्धा पाहिलेला नाही?"

"नाही हो. सही केलीय ना मी."

डॉक्टरांनी क्षणभर वाट पाहिली. मग लिहिलं. कटनंतर प्रतिसाद नाही. आधीचे उंचवटे तांत्रिक दोषामुळे.

"पुन्हा लावा ना," बायको म्हणाली. "दुसऱ्या तारा लावा. पाया पडते तुमच्या. यांना कळतं सगळं. मला माहितीय."

"घरच्या फिल्मची चाचणी एकदाच असते, बाई. नियम मी केलेला नाही."

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "पुरे आता. दादाला तरी किती छळायचं?"

"तुम्हाला सुटायचंय, भावजी. तेवढं बोला सरळ."

दीर पुन्हा दारात जाऊन उभा राहिला. चौदा आठवड्यांतल्या निम्म्या रात्री त्याने याच वॉर्डात काढल्या होत्या.

समितीला सहा मिनिटं लागली. साडेचारला स्ट्रेचर आलं. दिराने भावाला खांद्यांकडून उचललं, बायकोने पायांकडून. फाटकावरच्या नोंदवहीत रुग्णवाहिकेची वेळ चार पंचावन्न आहे. सोबत बायको. दीर मागून बसने गेला.

पाच वीसला तंत्रज्ञ ती फिल्म संग्रहात उतरवून घेत होता. त्यासाठी ती शेवटपर्यंत चालू द्यावी लागते. चौतिसाव्या कटनंतरचं काही त्याने पाहिलेलं नव्हतं. पाणी तलावात भरू लागलं, पडदा काळा झाला, अक्षरं वर सरकू लागली. छायाचित्रण. ध्वनी. त्यानंतर संकलन आणि त्याखाली एक नाव.

त्याने फिल्म थांबवली, वॉर्डात जाऊन आठ नंबरच्या खाटेची नावाची पाटी काढून आणली आणि पडद्याशेजारी धरली.

नाव तेच होतं.