आजचा चौकोन

पहाटे बायकोने, मृणालने, भरून दिलेलं लिंबूसरबत संपवून, नव्वद किलोमीटर सायकल आणि वर पाच किलोमीटर धाव मारून शिरीष खुशीत घरी परतला, तर दाराला कुलूप!

शेजारच्या काकूंनी किल्ली दिली. "मृणाल हॉस्पिटलात गेलीय, एकटीच. तुला ठाऊक नाही?"

घरातलं सगळं मृणाल स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची. तो बुटांसकट तिकडे धावला. पण परवाच त्याने महिन्याभराचा सराव त्यावर जाड मार्करने लिहून काढला होता. आजच्या चौकोनात ठसठशीत ‘९० + ५’.

कॅलेंडर काढून त्याने खिडकीशी तिरपं धरलं. काळ्या आकड्यांखाली पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसली: ‘माझी बायोप्सी, दहा वाजता. येशील ना?’