सीटवरून

चैत्रात कडुलिंब मोहरले, तशी मी मंगळवेढ्याला माहेरी गेले आणि भावानं जपलेली वडिलांची सायकल शिवाराच्या वाटेवर काढली. लेकानं हँडल धरलं. “आई, सत्तरी आली की गं! म्हातारी झालीस, आता बास.” लहानपणी सीटवरून पाय पुरत नव्हते, म्हणून दांड्याखालून पाय घालून हीच सायकल कैची चालवायचे. पाय पुरले त्याच दिवशी वडील म्हणाले, “मोठी झालीस, आता बास.” मी काष्टा खोचत विचारलं, “तवा मोठी म्हणून, आता म्हातारी म्हणून. मग सीटवर बसू कवा रं?” दगडावर चढून सीटवर बसले. “सोड!” सायकल डगमगली, मग सरळ झाली. दांड्याखालून फक्त धूळ दिसायची. आज कुंपणापलीकडचे, ओढ्याकाठचे फुललेले करंज दिसले. “आई, माघारी फिर की!” लेक ओरडला. वळायला जागा भरपूर होती. मी पायडल मारत राहिले.