दोनशे दोन नंबरची खोली

चिगुसानं किल्ली कुलपात घातली, पण फिरवायचा धीर होईना. दाराच्या फटीत परवापासूनची तीन वर्तमानपत्रं तशीच अडकलेली होती.

"फिरवूच नका," फोनवर दलाल तोकुनागा सांगत होता. "पोलिसांना बोलवा. आत काही झालं असेल तर ते बघतील. तुम्ही पहिल्यांदाच इमारत घेतलीय, म्हणून सांगतो. असली खोली पुन्हा भाड्यानं जात नाही. येईल त्याला आधी सांगावं लागतं, इथं माणूस मरून पडला होता म्हणून."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, जुना भाडेकरू आहे, कटकट नाही?"

"मग, आहे का काही कटकट?" तोकुनागा म्हणाला. "आवाजसुद्धा नाही."

तिनं फोन ठेवला. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं भात शिजवून तिनं नागासाकीच्या या चढावरची चार खोल्यांची लाकडी इमारत घेतली होती. घेऊन दोनच महिने झाले होते. वरच्या खोलीतले इनोमाता आजोबा इमारतीबरोबरच आले होते. वय एक्याऐंशी.

काल संध्याकाळीही ती इथं आली होती. खालच्या बाईंनी वर्तमानपत्रांचं कळवलं म्हणून. तीनदा घंटा वाजवली. आतून हूं की चूं नाही. मुलीकडे गेले असतील, असं मनाशी म्हणत ती घरी गेली. इनोमातांना मुलगी नव्हती. ते भाडेकराराच्या कागदावर तिनंच वाचलं होतं.

तिनं किल्ली फिरवली. दार वीतभर उघडलं आणि खटकन अडलं. आतून साखळी लावलेली होती.

म्हणजे माणूस आत होता.

फटीतून वास आला. चिगुसानं नाकाला बाही लावली. तिला आधी खोलीभर अंथरलेल्या चटया आठवल्या, मग चटयांखालच्या फळ्या, मग खालच्या बाईंचं छत. माणूस सगळ्यात शेवटी आठवला.

"आजोबा?" तिनं हाक मारली. "इनोमाता आजोबा!"

आत लाकडावर काहीतरी खरखरलं. ती गुडघ्यांवर बसली आणि फटीला डोळा लावला. आजोबा ओट्याजवळ कुशीवर पडले होते. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. डोळे उघडे होते. त्यांनी पापण्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या.

"मालकीणबाई," ओठ चिकटल्यासारखे हलले. "मी बरा आहे."

"कधी पडलात?"

"जरा घसरलो. उठतोच आता." पण ते जागचे हलले नाहीत.

"काल मी घंटा वाजवली. ऐकू आली नाही?"

"आली."

"मग ओ का नाही दिलीत?"

त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाले, "तुम्ही बघितलं असतं, तर खोली गेली असती. आधीच्या मालकांनी बजावलं होतं, आजोबा, एकदा पडलात की इथला मुक्काम संपला. या वयात दुसरी खोली कोण देतं हो? तुम्ही जिना उतरेपर्यंत मी श्वाससुद्धा घेतला नाही."

चिगुसानं फोन काढला. तिसऱ्या वेळेला रुग्णवाहिकेचा नंबर लागला.

"नका हो बोलावू," म्हातारा विनवत राहिला. "संध्याकाळपर्यंत उठतो मी. नक्की उठतो."

गाडी चढावर येईना. दोघं जण स्ट्रेचर घेऊन पायऱ्या चढून आले. त्यांनी साखळी कापली तेव्हा इनोमाता म्हणाले, "ती मी भरून देईन." स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर भिंतीला घासलं, तेव्हा त्यांनी भिंतीचीही माफी मागितली.

खाली रस्त्यावर आल्यावर स्ट्रेचरवाल्यांपैकी एकानं चिगुसाला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

म्हातारा तिच्या ओठांकडे बघत होता.

"मी घरमालकीण," ती म्हणाली. परक्या माणसाला तिनं हे पहिल्यांदाच सांगितलं.

इनोमातांनी डोळे गच्च मिटले.

"नात्यातलं कोणी?"

"कोणी नाही."

"दवाखान्यात विचारतील. बरे झाल्यावर यांना कुठं पाठवायचं?"

चिगुसानं वर बघितलं. इतक्या पायऱ्या. कठड्याला गंज चढलेला. या पायऱ्या आपण आजवर मोजल्याही नाहीत, असं तिच्या मनात आलं.

"इथंच," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं पुन्हा विचारलं.

"इथंच आणायचं. वर."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"विचार करून सांगा, मालकीणबाई," ते म्हणाले. "मी पुन्हा पडेन."