संत्रं सोलणारा माणूस

"खोटा," चिमणी म्हणाली.

समोरच्या स्क्रीनवर एक फोटो होता. पेटलेली बस, धूर, धावणारी माणसं. डिजिटल साक्षरतेच्या तोंडी परीक्षेतला शेवटचा प्रश्न: फोटो खरा की खोटा, ते तपासून सांगा. इंटरनेट वापरायला मुभा होती.

चिमणी हे तिचं वर्गातलं नाव, तोंड सतत चालू असायचं म्हणून. तिचा हा एकच विषय दोनदा राहिला होता आणि त्यापायी पदवी अडली होती. याही वेळी गेला, तर ठरलेली नोकरी हातची जाणार होती.

"कशावरून?" सरांनी विचारलं. मुलं पाठीमागे त्यांना दगडोबा म्हणत. कुणी पहिला येवो नाही तर नापास होवो, यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. परीक्षेतले बाकीचे फोटो ते दरवेळी बदलत. हा एक मात्र प्रत्येक तुकडीत कुणा एकाला तरी देत.

"हा माणूस बघा ना." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात संत्रं. "मागे बस जळतेय आणि हा आरामात संत्रं सोलतोय. नंतर चिकटवलाय याला."

"बातमी शोधलीस?"

"सापडली. तीन वर्तमानपत्रांत हाच फोटो आहे. पण त्यांचं काय, एकमेकांचं उचलतात."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई हसल्या. "मीसुद्धा खोटाच म्हटलं असतं, सर."

"चिकटवल्याची खूण दिसली कुठे?"

"नाही. पण सर, असं कुणी वागतं का?"

"फोटो खरा आहे. तपासलंस सगळं नीट, निकाल मात्र मनाने दिलास." सरांनी शून्य मांडलं.

चिमणीला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. ती उठलीच नाही.

"द्या हो दोन गुण," बाई हळूच म्हणाल्या. "पोरीची पदवी अडलीय."

"नाही देता येणार."

"खरा असेल, तर त्या माणसाला काळीजच नाही," चिमणी म्हणाली. "एवढी माणसं जळाली आणि याला संत्रं सुचतंय!"

सरांनी स्क्रीन बंद केला. पेनाला टोपण लावलं.

"माझ्या मुलीला बस लागायची," ते म्हणाले. "उतरली की आधी संत्रं मागायची."