आदल्या दिवशीची बातमी

नळीतलं पाणी गुलाबी राहायला हवं होतं. रसायनाच्या पाचव्या थेंबानंतर त्याला कडेनं नारिंगी झाक आली, आणि मनालीनं नळी रंगांच्या कार्डाशेजारी धरेपर्यंत ते पिवळं झालं. कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाइतकं पिवळं. त्या चौकोनाखाली छापलं होतं : फ्लोराइड, तीन किंवा अधिक. दीडच्या पुढे पाणी पिऊ नये.

अकरा दिवसांत या हातपंपाची ही तिसरी तपासणी होती. पहिल्या वेळी अनुप म्हणाला, रसायन जुनं असेल. दुसऱ्या वेळी नवी बाटली फोडली, तर म्हणाला, नळी नीट धुतली नसशील. आज तिनं नळी त्याच्यासमोर तीनदा धुतली होती. तो पिवळ्या रंगाकडे पाहत राहिला आणि मग पेटीचं झाकण लावू लागला.

पंपासमोर अंगणवाडीची भिंत होती. तिच्यावर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं, पावसानं भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिक. ‘विद्यार्थी मंचाकडून सात हातपंपांची तपासणी. सर्व पंपांचे पाणी पिण्यास योग्य. उपक्रमाला ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ सहा पंपांच्या बाबतीत ते खरं निघालं होतं.

मंचाच्या सगळ्या प्रेस नोट मनाली लिहायची. मोहाडीच्या वार्ताहराला नोट चारच्या आत लागते आणि कार्यक्रम संपतो पाचला, म्हणून ती आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. सगळं भूतकाळात. दोन वर्षांत एकदाच घोळ झाला होता. वृक्षारोपणाला पाहुणे आलेच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं भाषण छापून आलं. पाहुण्यांनी फोन करून आभार मानले. मंचातले सगळे महिनाभर हसत होते. मनालीही.

अनुप मंचाचा अध्यक्ष. उद्या विद्यापीठाची पुरस्कार समिती यायची होती, आणि तिच्यासमोर ठेवायच्या फाईलमध्ये हेच कात्रण सगळ्यात वर होतं.

“एक दिवस थांब ना,” तो हळूच म्हणाला. “उद्या ते फाईल पाहून जाऊ दे, मंग देऊ खंडन. पाणी का कुठं पळून जाऊन राहिलं?”

 खंडन नऊ दिवसांपासून मनालीच्या फोनमध्ये लिहिलेलं होतं. चार ओळी. पहिल्या ओळीत ‘अनवधानाने’ असा शब्द होता, तो तिनं काल काढून टाकला होता. पाठवलं मात्र नव्हतं.

अंगणवाडीतून रंभाबाई दोन रिकामे गुंड, पाण्याचे मोठे हंडे, घेऊन आल्या. त्या तिथल्या मदतनीस, लेकरांचा स्वयंपाक आणि पाणी त्यांच्याकडे. आधी त्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून पाणी आणत. पेपरात आलं तेव्हापासून खेप वाचली, गुडघ्याला आराम पडला, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. या पाण्यात दाळही लवकर शिजते म्हणाल्या. मनालीला त्याचं कारण माहीत होतं. पाण्यात चुना कमी असला की डाळ लवकर शिजते, आणि चुना कमी असलेल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त राहतं.

दारातून आतली रांग दिसत होती. सव्वीस लेकरं, पुढ्यात थाळ्या. त्यांचे दुधाचे दात अजून पडायचे होते. पक्के दात हिरड्यांच्या आत आत्ता कुठे तयार होत होते. डाग तिथेच, आतच पडतो, आणि मग जात नाही.

रंभाबाईंनी गुंड तोटीखाली ठेवला आणि पंपाचा दांडा धरला.

“आता कायले तपासता बाई?” त्या मनालीच्या हातातल्या नळीकडे पाहून हसल्या. “तुम्हीच तं पास केलं ना याले. का पेपरात फोटो राहून गेला तुमचा?”

“तसंच समजा मावशी,” अनुप म्हणाला आणि पेटी उचलून मोटारसायकलकडे निघाला. चार पावलांवर जाऊन त्यानं मागे पाहिलं. मनाली जागची हलली नव्हती.

दांडा दोनदा खाली-वर झाला. तिसऱ्यांदा पाणी आलं. स्वच्छ, वास नसलेलं पाणी. गुंड तळापासून भरत गेला, त्याचा आवाज बारीक होत गेला.

मनालीनं दांड्यावर हात ठेवला. दांडा तिथेच थांबला.

“मावशी, ती बातमी मी लिहिली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी. हे पाणी लेकराइले पाजू नका.”